कादंबरीचं प्लॉटिंग: साडेतीन हजारांची पेटी आणि पन्नास रुपयांची पोस्टकार्डं

"कादंबरीचं प्लॉटिंग शिकायला संभाजीनगरला चाललोय," असं शेजारच्या काकांना सांगितलं, तर त्यांनी पहिलं विचारलं, "एनए झालंय का?" आणि लगेच दुसरं, "किती बाय किती?" परभणीत वसमत रोडला राहणाऱ्या माणसाच्या डोक्यात प्लॉटिंग म्हटलं की दुसरं काही येतच नाही. त्यात मी भूमी अभिलेखचा माणूस, बावीस वर्षं भूकरमापक, म्हणजे जमिनी मोजणारा. साहेबानं आतली खबर काढली आणि आपल्यापासून लपवायलाय, अशी काकांची समजूत झाली. ती अजून गेलेली नाही.

तर ही त्या कार्यशाळेची हकिगत. जाऊ का नको म्हणून विचारणारे दोन-तीन फोन आले, सगळ्यांना तेच तेच सांगून तोंड दुखलं. आयोजकांचं नाव लिहीत नाही. पुढं निम्मं कौतुक आहे आणि निम्मी कुरकुर, आणि आपल्याकडं साहित्याचं गाव तसं लहानच.

फी साडेतीन हजार. दोन दिवस, शनिवार-रविवार, दोन्ही वेळचा चहा, दुपारचं जेवण आणि एक 'प्लॉटिंग किट'. राहायची सोय आपली आपण. माझी बहीण गारखेड्याला असते, म्हणून शुक्रवारी सकाळच्या मराठवाडा एक्सप्रेसनंच निघालो. डब्यात निम्मी माणसं हायकोर्टाच्या तारखेला जाणारी, मांडीवर फायली. समोरच्या एका आजोबांच्या पिशवीतून मोजणीच्या नकाशाची 'क' प्रत डोकावत होती, घडीवर घडी पडून मधोमध फाटलेली. मी गुपचूप खिडकीबाहेर बघत बसलो. मी कोण ते कळलं असतं तर जालन्यापर्यंत सुटका नव्हती.

आधी त्या किटबद्दल बोलतो, कारण पैसे त्याच्याच नावावर घेतलेत. पुठ्ठ्याची गुळगुळीत पेटी, वर पेनाचं चित्र. आत साठ कार्डं, चार रंगांचे स्केचपेन, पंधरा चौकोन छापलेला एक घडीचा तक्ता आणि 'पात्र-परिचय' नावाचे दहा छापील फॉर्म. कार्डं इतकी चिकट-चकचकीत की शाईचं पेन चालवलं की अक्षर फुटतं. बॉलपेन घसरतं. स्केचपेननं लिहिता येतं, पण मग एका कार्डावर चार शब्द बसतात. तक्ता मात्र चांगला जाड आहे, भिंतीला लावला तर वर्षभर टिकेल. पात्र-परिचयाच्या फॉर्मात 'आवडता रंग' आणि 'आवडता पदार्थ' असे रकाने होते. माझ्या कादंबरीत दोन भाऊ आहेत, साडेनऊ एकर रान आहे, मधोमध विहीर आहे. थोरल्याचा आवडता रंग कोणता? तासभर विचार करून 'नाही' लिहिलं.

शिकवायला आलेले सर मालिकांचे भाग लिहितात. माणूस गोड, बोलायला तयार, वेळेचा पक्का. त्यांनी सुरुवात केली ती लेखकांच्या दोन जातींपासून. जॉर्ज मार्टिन या अमेरिकी लेखकाची ही वाटणी: काही लेखक आर्किटेक्टसारखे, घर बांधायच्या आधी पाइप कुठून जाणार हेसुद्धा कागदावर ठरवणारे, काही माळ्यासारखे, बी टाकून पाणी घालणारे, काय उगवतंय ते नंतर बघणारे. मग हात वर करायला सांगितले. अठ्ठावीस जणांतले वीस माळी निघाले. सर म्हणाले, "म्हणूनच तुमची कादंबरी पूर्ण होत नाही." हशा झाला, पण लागलंही. माझी कादंबरी सहा वर्षं चाळीसाव्या पानावर अडलेली होती.

बिनआराखड्याच्या लेखकाला इंग्रजीत पँट्सर म्हणतात हे तिथं कळलं. आपल्याकडं त्याला अंदाजपंचे दाहोदरसे म्हणतात, आणि माझ्या खात्यात असं काम केलं तर निलंबन होतं.

मग इतिहास. अ‍ॅरिस्टॉटलचं आदि-मध्य-अंत पाच मिनिटांत उरकलं. गुस्ताव फ्रायटाग या जर्मन लेखकानं १८६३ साली नाटकाच्या रचनेचा मनोरा मांडला, एका बाजूनं चढण, टोक, दुसऱ्या बाजूनं उतार. तो फळ्यावर काढला. मनोऱ्याच्या टोकाशी कथा फिरते, हे बऱ्याच जणांना नवीन होतं. शेवट म्हणजेच टोक असं आम्ही धरून चाललो होतो.

त्यानंतरची वीस मिनिटं ही अख्ख्या कार्यशाळेतली सोन्यासारखी. विषय नाट्यशास्त्र. भरतमुनींनी कार्याच्या पाच अवस्था सांगितल्यात: आरंभ, यत्न, प्राप्त्याशा, नियताप्ति, फलागम. सरांनी त्यातल्या तिसऱ्या शब्दावर बोट ठेवलं. प्राप्त्याशा म्हणजे मिळेल अशी आशा. मिळालेलं नाही, पण आता मिळेल असं वाटायला लागलंय. वाचक पान उलटतो तो या अवस्थेत. आमच्याकडं मोजणीचा अर्ज देऊन, पैसे भरून, तारीख मिळालेला शेतकरी बघा. मोजणी व्हायचीय, निकाल दूर आहे, पण चेहरा बदललेला असतो. ती प्राप्त्याशा. मी वहीत तेवढा एकच शब्द मोठ्या अक्षरात लिहिला.

दुसरं, पताका आणि प्रकरी. मुख्य कथेच्या जोडीनं लांबवर चालणारं उपकथानक म्हणजे पताका. मध्येच येऊन आपलं काम करून निघून जाणारा छोटा प्रसंग म्हणजे प्रकरी. माझ्या चाळीस पानांत अशा प्रकऱ्याच प्रकऱ्या होत्या. सालगड्याचं लग्न, गावातला पहिला ट्रॅक्टर, मारोतीच्या पाराचा वाद. एकेक प्रसंग वाचायला चांगला, पण मुख्य कामाला हातभार कुणाचाच नाही. सहा वर्षं कळत नव्हतं ते दोन शब्दांत कळलं. एवढ्यावर अर्धा दिवस दिला असता तर मी फीबद्दल एक अक्षर बोललो नसतो. पण साडेबारा वाजले, आणि जेवणानंतर दीड दिवस पंधरा चौकोन.

पंधरा चौकोनांची पद्धत ब्लेक स्नायडर नावाच्या हॉलिवूडच्या पटकथालेखकाची: गोष्टीचे पंधरा टप्पे, एकेका टप्प्याला एक चौकोन. मूळ हिशेब ११० पानांच्या पटकथेचा: गोष्टीला धक्का देणारी घटना १२व्या पानावर, मध्यबिंदू ५५व्यावर, सगळं गमावलं असं वाटायची जागा ७५व्यावर. सरांनी तेच ३०० पानांच्या कादंबरीला लावून दाखवलं. धक्का साधारण ३३व्या पानावर, मध्य १५०वर, सर्वनाश २०५च्या आसपास. तेहतीस आकडा बघून मला हसू आलं. आमचा गुंठा ३३ फूट बाय ३३ फुटांचा, असे ४० गुंठे म्हणजे एकर. म्हटलं, चला, ओळखीचं माप निघालं.

मागच्या बाकावरचा जालन्याचा एक गुत्तेदार आहे, रस्त्याची कामं करतो आणि गझला लिहितो. तो म्हणाला, "सर, हे तर अंदाजपत्रक झालं. काम याच्याबरहुकूम कधी होतं का?" सर म्हणाले, "अंदाजपत्रकाशिवाय टेंडर निघतं का?" गुत्तेदार गप्प. मलाही उत्तर पटलं, तेव्हा.

जेवणाबद्दल दोन ओळी: पहिल्या दिवशी पुरी-बटाटा आणि शिरा, दुसऱ्या दिवशी मसालेभात. चहा पातळ. खुर्च्या लग्नाच्या हॉलमधल्या, दुपारी तीननंतर पाठ धरते.

पण त्या जेवणाच्या रांगेतच खरी कमाई झाली. अंबाजोगाईकडच्या एक ताई होत्या, नारदीय कीर्तन करतात. सकाळी त्यांनी सरांना विचारलं होतं, की आमच्या पूर्वरंग-उत्तररंगाला तुमच्या तक्त्यात कुठं बसवायचं? सर म्हणाले, तो वेगळा फॉर्म आहे, नंतर बोलू. ते नंतर काही आलं नाही. पुऱ्या संपल्या होत्या, नवा घाणा येईपर्यंत मी त्यांना म्हटलं, ताई, मला सांगा.

त्या म्हणाल्या, "पूर्वरंगात मूळ पद घ्यायचं. त्याचं निरूपण करायचं. मध्ये भजन. मग उत्तररंगात आख्यान लावायचं, आणि शेवटी फिरून मूळ पदावर यायचं. आता आख्यान कोणतं लावायचं, हे ते पद ठरवतं. आपण नाही."

"आणि आख्यान किती ताणायचं?"

"म्हाताऱ्या बाया मांडी बदलायल्या की आवरायचं."

मी विचारलं, आधी सगळं पाठ असतं का? म्हणाल्या, "पद पाठ. शेवट पाठ. मधी कुठं कुठं थांबायचं ती चार ठिकाणं पाठ. बाकी समोर कोण बसलंय त्याच्यावर."

मला वाटतं कादंबरीच्या आराखड्याबद्दल मी ऐकलेलं यापेक्षा कामाचं काहीच नाही. पण तेव्हा ते डोक्यात उतरलं नव्हतं. तेव्हा मी तक्ता भरत होतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी माझे पंधराही चौकोन भरले. वाटणीची मागणी, नोटीस, पोटहिस्स्याची मोजणी, मध्यबिंदूला विहिरीवरची मारामारी, सर्वनाशाला धाकट्याचं गाव सोडणं. शेवटी दोघं भाऊ धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, भेटतात. सरांनी माझा तक्ता सगळ्यांना वाचून दाखवला, टाळ्या पडल्या. मग शेवटचा पाऊण तास 'पुढच्या पायरी'चा होता: सहा महिन्यांचा ऑनलाइन वर्ग, अठरा हजार, आज नाव दिलं तर पंधरा. दोन दिवसांत शंकानिरसनाला वेळ नव्हता, याला पाऊण तास होता. याचा मला राग आला आणि तो अजून आहे.

परभणीला आलो, तक्ता कपाटावर चिकटवला, रविवारी लिहायला बसलो. पहिले पाच रविवार झरझर गेले. चाळीसावं पान ओलांडलं, बायकोला पेढे आणले. मोजणीच्या प्रसंगापर्यंत पोचलो. आणि तिथं म्हातारी आडवी आली.

दोन्ही भावांची माय. माझ्या तक्त्यात तिच्या नावापुढं एकच शब्द होता, 'सोशिक'. पण मोजणीचा प्रसंग लिहिताना मला नोकरीतला एक दिवस आठवला. कुठलं गाव ते सोडा. ईटीएस, म्हणजे मोजणीचं इलेक्ट्रॉनिक मशीन, उभं केलं, शिपाई प्रिझमचा दांडा घेऊन धुऱ्याकडं निघाला, आणि जिथं दांडा धरायचा नेमक्या त्याच जागी एक म्हातारी येऊन बसली. भांडली नाही, रडली नाही. चंची सोडली, सुपारी कातरली. मी जवळ गेलो, म्हटलं, आजी, जरा सरकता का. तिनं मशीनकडं बघितलं.

"ह्याच्यातून इहीर दिसती का?"

"दिसते की."

"मग ती कुणी खंदली, ते बी दिसत असंल."

तेवढं बोलून ती पान लावायला लागली. आम्ही तासभर उन्हात उभे. दोन्ही पोरं मान खाली घालून. त्या दिवशी मोजणी झाली नाही, मी तसा शेरा मारला आणि परत आलो. 'हरकत घेतल्याने.' हरकत कसली, तिनं नुसतं पान खाल्लं होतं.

ही बाई कादंबरीत येऊन बसली आणि उठेना. तिनं एकदा विचारलं की विहीर कुणी खंदली, मग ते सांगावं लागणार. सांगायचं तर नवऱ्याच्या आधीचं तिचं एक आयुष्य निघतं. मग विहिरीवरची मारामारी खोटी वाटायला लागली, कारण ती असताना पोरं तिच्यासमोर हात उचलणारच नाहीत. सहाव्या चौकोनानंतरचा तक्ता फुकट गेला. मी दोन रविवार तिला तक्त्यात कोंबायचा प्रयत्न केला. तिला मारून टाकलं, एका रविवारी चक्क. पुढच्या रविवारी जिवंत केली.

हे मला सरांनी सांगायला हवं होतं, असं नाही. खरं तर मलाच माहीत असायला हवं होतं. आमच्या कामात कार्यालयातून जुनं टिपण, फाळणी, गटाचा नकाशा घेऊन निघतात. पण रानात गेल्यावर कागद आधी नाही पसरायचा. आधी जुन्या खुणा शोधायच्या. हद्दीचा दगड, जुनी विहीर, हलवता न येणारं काहीतरी. त्या तीन-चार खुणा पक्क्या झाल्या की नकाशा त्यांच्यावर बसवायचा. नवखा माणूस उलटं करतो. नकाशा घेऊन रानाला ओढायला बघतो, आणि शेजाऱ्याचा दोन गुंठे बांध पलीकडं जातो. मग गावभर बोंब. बावीस वर्षं नव्या पोरांना हेच शिकवतोय, आणि कादंबरीत मी तेच केलं.

म्हणून तक्ता काढून ठेवला आणि नुसतं लिहीत गेलो. ताईंच्या हिशेबानं पद पाठ (विहीर कुणी खंदली), शेवट पाठ (माय अंगठा लावते का नाही), मधली चार ठिकाणं पाठ. सात-आठ महिन्यांत २१२ हातलिखित पानं झाली. गबाळी, पण झाली.

मधल्या काळात आणखी दोन गोष्टी वापरून बघितल्या, त्याही सांगतो. एक, स्नोफ्लेक पद्धत. रँडी इंगरमन्सन या भौतिकशास्त्रज्ञ कादंबरीकाराची. आधी अख्खी कादंबरी एका छोट्या वाक्यात, मग त्या वाक्याचा परिच्छेद, मग पात्रं, मग पान, असं दहा पायऱ्यांत फुलवत न्यायचं. मला पहिलीच पायरी उपयोगी पडली. एका वाक्यात सांगता येईना, तेव्हा कळलं की मला अजून दोन कादंबऱ्या एकत्र दिसताहेत. पुढच्या नऊ पायऱ्या माझ्याच्यानं झाल्या नाहीत. ज्यांना एक्सेल आवडतं त्यांना आवडेल.

दुसरं, स्क्रिव्हनर नावाचं सॉफ्टवेअर. यात पडद्यावरच बुचाच्या फळ्यासारखी पाटी असते, प्रत्येक प्रसंगाचं एक कार्ड, ओढून मागंपुढं करता येतं आणि मागचा मजकूरही त्याच्याबरोबर सरकतो. चकटफू वापराचे ३० दिवस मिळतात, आणि ते कॅलेंडरचे नाहीत, ज्या दिवशी उघडाल तोच दिवस मोजतात. रविवार-रविवार लिहिणाऱ्या सरकारी नोकराला हे सात महिने पुरतं. विंडोज, मॅक, आयफोन-आयपॅडला आहे, अँड्रॉइडला नाही. तरुण पोरांनी जरूर घ्यावं. मी मात्र लॅपटॉप उघडला की ऑफिसात बसल्यासारखा ताठ होतो.

शेवटी कार्डंच लागली, पण किटमधली नाहीत. पहिला खर्डा झाल्यावर प्रत्येक प्रसंग एका कार्डावर घेऊन जमिनीवर मांडायचं ठरवलं. नाबोकोव्ह हा रशियन-अमेरिकी कादंबरीकार असाच कार्डांवर लिहायचा, हे सरांनीच सांगितलं होतं. किटच्या कार्डांवर शाई फुटते, म्हणून पोस्टात गेलो. पोस्टकार्ड पन्नास पैशाला. चौदा बाय नऊ सेंटिमीटर, कागद खरबरीत, शाई बसते. कार्डावर तीन ओळी: कुणाला काय पाहिजे, आडवं कोण येतंय, प्रसंग संपताना काय बदललं.

बैठकीत ९४ कार्डं मांडली. बायकोनं दारातूनच विचारलं, "जेवायला कुठून यायचं?" पण मांडल्यावर जे दिसलं ते वाचून कधी दिसलं नसतं. ५१ ते ६९ या एकोणीस कार्डांवर तिसरी ओळ कोरी होती. काहीच बदलत नव्हतं, माणसं नुसती चहा पीत होती. धाकट्याची बायको ३०व्या कार्डावर धुणं घेऊन नदीवर गेली होती ती ८०व्याला परत आली. कुणी विचारलंसुद्धा नाही. मारोतीच्या पाराचा वाद तिथंच होता, जागचा हलत नव्हता, काढला.

आणि गंमत म्हणजे इथं तो पंधरा चौकोनांचा तक्ता कपाटावरून पुन्हा खाली आला. कार्डांच्या रांगेशेजारी ठेवला. माझा सर्वनाश चाळिसाव्या कार्डावरच होऊन गेलेला, पुढची निम्मी कादंबरी नुसती राख सावडत बसलेली. लिहायच्या आधी या तक्त्यानं मला दावणीला बांधलं होतं. लिहून झाल्यावर तोच तक्ता ईटीएससारखा वापरता आला: कुठं बांध कोरलाय, किती कोरलाय, आकड्यात.

म्हणून मार्क द्यायचे तर असे. नाट्यशास्त्राची वीस मिनिटं, पाचपैकी पाच. तक्ता, पाचपैकी चार, पण पानं लिहून झाल्यावर. कार्डं आणि पात्र-परिचयाचे फॉर्म, अर्धा. शेवटचा विक्रीचा पाऊण तास, शून्य. सर म्हणून सर, साडेतीन. ज्यांच्या हातात काहीच पानं नाहीत त्यांनी इतक्यात जाऊ नये. ज्यांची शंभरेक पानं होऊन गाडी रुतलीय त्यांनी जावं, पहिल्या दिवशी पुढच्या बाकावर बसावं आणि जेवणाच्या रांगेत मागं उभं राहावं.

पोस्टकार्डांचं एक लक्षात ठेवा, लहान पोस्टात शंभर एकदम मिळत नाहीत. मला पहिल्या दिवशी चाळीसच मिळाली, बाकीची सोमवारी या म्हणाले. सोमवारी खिडकीतल्या बाईंनी साठ मोजून दिली आणि चष्म्यावरून बघत विचारलं, "एवढी कुणाला लिहायलात काका?" मागं रांग होती. मी म्हटलं, "नोटिसा आहेत."